पाण्यावरचा पापुद्रा

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘साय’ म्हणत. दुधावरची साय अलगद काढावी तसा ती ग्राफीनचा पापुद्रा पाण्यावरून चिपवर घ्यायची. हा कार्बनचा पापुद्रा एका अणूएवढाच जाड. ज्या तांब्याच्या पत्र्यावर तो वाढवतात तो पत्रा रसायन घातलेल्या पाण्यात विरघळवला की पापुद्रा वर तरंगत राहतो, आणि त्याच्या कडांवर तिरका उजेड पडला तर दिसतो. तोही तिलाच. अंतराळातले किरण चिपवर आदळले की पापुद्र्यातला विद्युतप्रवाह बदलतो, त्यावरून किरणोत्सर्ग किती ते कळतं.

नवरा गेल्यावर आठवड्याभरात ती कामावर आली. डोळे कोरडे, हात स्थिर. अंतराळयानावर असे चार सेन्सर जायचे होते आणि चौथा राहिला होता. तारा जोडायचं काम माझं. तिने चिप पाण्यातून वर घेतली तेव्हा मी विचारलं, पापुद्रा आला का. ती ‘आला’ म्हणाली. मी डोळे झाकून विश्वास ठेवला आणि तिने ट्रेमधलं पाणी ओतून दिलं.

तारा जोडल्या, पण मीटर ढिम्म हलेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चिपवर पापुद्राच नव्हता. तिने नुसतं पाणी उचललं होतं, पापुद्रा ओतलेल्या पाण्याबरोबर गेला होता. आमच्या साहेबांनी बजावलं की संध्याकाळपर्यंत चौथा मिळाला नाही, तर यान तीन सेन्सरवरच जाईल. पत्र्याचा एकच तुकडा उरला होता. माझं डोकं फिरलं. दिसला नव्हता तर ‘आला’ कशाला म्हणालीस, असं मी तिला फाडकन विचारलं.

“घरी येईल तो विचारतो, ठीक आहेस ना? मी हो म्हणते,” ती म्हणाली. “तू विचारलंस, तुलाही हो म्हटलं.”

भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तिची भीतीच वाटली.

शेवटचा तुकडा विरघळला. चिप हातात धरून ती ट्रेवर वाकली आणि तशीच राहिली. मीही शेजारी वाकले. या वेळी काही विचारलं नाही.

“मला काही दिसत नाहीये, ताई,” मी म्हणाले.

“मलाही नाही गं,” ती म्हणाली. “ते गेल्यापासून काहीच दिसत नाही.”

आणि तिचा बांध फुटला. पाण्यात थेंब पडला तर पापुद्रा वाया जातो, म्हणून आधी मी ट्रे बाजूला सारला. मग तिच्या हातातली चिप काढून ठेवली, तिला खुर्चीवर बसवलं आणि साहेबांना फोन करून सांगितलं की तीनच पाठवा.