खिडकीतून दिसणारा एसटी स्टँड

तेविसाव्या वर्षी मला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, पेणमध्ये माझ्याइतका चांगला भूगोल कोणी शिकवत नाही. दोन, मी बोलायला लागलो की माणसं घड्याळ विसरतात. पहिली खात्री त्याच वर्षीच्या सहामाहीने मोडली. माझ्या वर्गातल्या अकरा जणांनी रोह्याची कुंडलिका नदी विदर्भात नेऊन सोडली होती. दुसरी मात्र खरी निघाली, आणि तीच नडली.

जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि रेल्वे अजून यायची होती. मी मूळचा रोह्याचा. पेणच्या एका हायस्कुलात नोकरी लागली तशी तिथेच खोली घेऊन राहिलो होतो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी पळायचो. त्या उन्हाळ्यात आमच्या मुख्याध्यापकांनी नवी टूम काढली. नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांचे वर्ग सुट्टीतही भरवायचे, सकाळी साडेसात ते बारा. आणि मुलं खेड्यापाड्यांतून येणार, तर दर शनिवारी प्रत्येकाच्या घरी एक पोस्टकार्ड धाडायचं. हजेरी किती, अभ्यास कसा, एवढंच. "पालकांना कळलं पाहिजे हो," मुख्याध्यापक म्हणाले, "पोरगं शाळेच्या नावाने कुठे जातं ते." कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. माझ्यात तेवढंच चांगलं होतं, हे तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी नियमाप्रमाणे लिहिलं. हजर सहा दिवस, प्रगती समाधानकारक. चाळीस वेळा समाधानकारक लिहिल्यावर माझंच समाधान गेलं. दुसऱ्या शनिवारी हात मोकळा सोडला. एकाला लिहिलं, 'आपले चिरंजीव रोज हजर असतात, निदान त्यांचे दप्तर तरी असते.' दुसऱ्याला, 'गणितात चिरंजीवांना मागील आठवड्यात शून्य मिळाले होते. या आठवड्यात त्यांनी ते टिकवून ठेवले आहे.' शिक्षकांच्या खोलीत मी कार्डं मोठ्याने वाचून दाखवली. गणिताचे सर तर पोट धरून हसले. शिपाईमामा चहा घेऊन आले होते ते दारातच थांबले आणि म्हणाले, "सर, तुमी नाटकात जायला पायजे होतात." मी हे कौतुक समजलो.

आता त्या मुलीबद्दल सांगतो. गडबच्या आत, हमरस्त्यापासून वीस मिनिटं चालून एक वाडी लागते, तिथली ती. घरची भातशेती, भातामागे वाल. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. वर्गात तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसायची. हुशार होती, फार बोलायची नाही. वर्ग सुरू होण्याआधी तिचा बाप मुख्याध्यापकांकडे आला होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. "साहेब, शिकूं दे तिला. माझी ना नाय. पन बाराची शाळा सुटली का सव्वाबाराच्या गाडीन पोर घरी पायजे. घरात राबाची कामा हायत, आनी भाऊबंद माझ्यावर टपून हायत. गाडी चुकली का शाळा बंद, हा सांगून ठेवतो." मी तिथेच शेजारच्या खुर्चीत चहा पीत होतो. ऐकलं सगळं. बशीतला चहा संपला तसं तेही संपलं.

मला खोड अशी, की पावणेबाराच्या सुमाराला पुस्तक मिटायचं आणि गोष्ट सांगायची. गोष्टी माझ्याच फजितीच्या. कुंडलिकेच्या पात्रात मी सायकलसकट कसा पडलो, ही तर चार दिवस चालली, कारण मी रोज थोडाथोडा पडत होतो. घंटा व्हायची, शिपाईमामा दोनदा वाजवायचे, पोरं म्हणायची, "सर, पुढं? पुढं?" मग मी बारा दहा, बारा पंधरापर्यंत बोलायचो. माझं बोलणं चाललेलं असताना एकोणचाळीस तोंडं माझ्याकडे असायची आणि एक तोंड खिडकीकडे. खिडकीतून एसटी स्टँड दिसायचा.

मला ते खुपलं. सगळा वर्ग हसतोय आणि ही बाहेर बघतेय! कोकणातल्या विनोदी माणसाचा याहून मोठा अपमान नसतो. तिसऱ्या शनिवारी तिच्या बापाच्या नावाचं कार्ड हातात आलं तेव्हा मी लेखणी टेकवून जरा हसलो, आणि लिहिलं:

'आपली कन्या हुशार आहे, पण तिचे लक्ष वर्गात नसते, खिडकीबाहेर असते. मी स्वतः खिडकीतून पाहिले. तेथून एसटी स्टँड दिसतो. माझ्या भूगोलात नाही असे त्या स्टँडवर कोण आहे, हे आपणच तिला विचारावे.'

आधी 'काय आहे' लिहिलं होतं. मग ते खोडून 'कोण आहे' केलं. वाक्याला धार यावी म्हणून. धार आली.

कार्डांचा गठ्ठा स्टँडवरच्याच पेटीत टाकला आणि रोह्याची एसटी पकडली. घरी पोचलो, जेवायला बसलो, आमरस होता. वडील निवृत्त शिक्षक. त्यांना मी तोंडपाठ कार्डं म्हणून दाखवली. शून्याला ते हसले. स्टँडवाल्याला हसले नाहीत.

"हे पाकिटात घातलंस ना?"

"छे, कार्ड आहे. शाळा कार्डंच देते."

"म्हणजे उघडं. वाचणार कोण?"

"तिचा बाप."

"त्याला वाचता येतं?"

मी वाटी पुढे केली आणि आणखी रस घेतला. मला ठाऊक नव्हतं. चाळीस घरी तीन आठवडे कार्डं लिहीत होतो, आणि वाचणार कोण हे एकदाही मनात आलं नव्हतं.

कोण वाचतं ते नंतर कळलं. उन्हात पोस्टमन आतल्या वाड्यांवर जात नसे. गडबला हमरस्त्यालगत एक दुकान होतं, बिडीकाडीचं, चहाचं. वाड्यांचं टपाल तिथे पडायचं. दुकानदार शिकलेला. कार्ड आलं की तो ते मोठ्याने वाचायचा, एसटीची वाट बघणारे ऐकायचे, आणि त्यांतला कोणीतरी निरोप घेऊन वाडीत जायचा. वर्षानुवर्षांची पद्धत. मयत, बारसं, कोणाची बदली, सगळं असंच घरी पोचायचं. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. माझी कार्डं तर तिथे लोकप्रिय झाली होती म्हणे. माणसं मुद्दाम थांबायची, 'पेनच्या मास्तराचा काय आलाय बघ जरा.' सोमवारी सकाळी मी पहिल्या गाडीने पेणला परतलो तेव्हा त्या दुकानावरून गेलो. पाचसहा माणसं बाकावर बसली होती. मी खिडकीत बसून डुलक्या घेत होतो. कार्ड त्याच दिवशी दुपारी पोचलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत तिचा बाप आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती. सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढून त्याने माझ्यासमोर धरलं.

"गुरुजी, मला वाचता येत नाय. ह्यात काय लिवलाय ता तुमच्या तोंडान वाचा."

त्याचा आवाज शांत होता. मी कार्ड घेतलं. माझं सुंदर अक्षर, वाटोळं, घोटलेलं. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी त्या क्षणी केली, कार्ड लिहिण्याहून मोठी. मी घाबरलो. कार्ड समोर धरून मी भलतंच वाचलं. "आपली कन्या हुशार आहे. प्रगती समाधानकारक आहे. उन्हामुळे कधी कधी थकते. तरी घरी काळजी घ्यावी."

त्याने कार्डावर धरलेल्या माझ्या बोटाकडे पाहिलं.

"दुकानदारान असा नाय वाचलान."

मी कार्ड उलटं करून पत्त्याची बाजू बघितली.

"त्यान चार मानसांत वाचलान. इस्टँडवर कोन हाय ता ईचारा, असा." त्याने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. "माझ्या मनात होता, दुकानदार पदरचा घालून वाचतोय. म्हनून तुमच्याकडं आलो. आता तुमी लपवलात. म्हंजे खराच काय तरी हाय. नायतर गुरुजी मानूस खोटा कशाला वाचल?"

"अहो नाही, तसं काही नाही, ती गंमत होती..."

"गंमत?" तो म्हणाला. "मागच्या पंधरवड्यात पोर दोनदा तीनच्या गाडीन आली. ईचारला तं म्हनते, सर सोडत नवते, गोष्ट सांगत होते. आमी मानला खोटा बोलते. शालंत कोन बारा वाजल्यावर गोष्टी सांगतो?"

याला उत्तर होतं. ते माझ्यासमोर उभं होतं, भूगोलाचं पुस्तक काखेत मारून. मला एवढंच म्हणायचं होतं, मी सांगतो. पण शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं, गणिताचे सर आत ऐकत होते, आणि माझी जीभ, जी कधीच थांबत नसे, नेमकी थांबली.

मुख्याध्यापकांना कळलं तेव्हा त्यांनी कार्डं बंद केली. त्यांनी स्वतः शाळेच्या कागदावर पत्र लिहिलं, मुलगी निर्दोष आहे, चूक शिक्षकाची आहे, तिची शाळा बंद करू नये. आणि या वेळी पाकिटात घालून, डिंक लावून धाडलं. ते पाकीट त्याच दुकानात पडलं. उघडं कार्ड होतं म्हणून बोंब झाली होती. बंद पाकीट आलं म्हणून जास्त झाली. उघड्यावर सांगता येत नाही असं शाळेला काय लिहावं लागलं? वाडीवर पोचेपर्यंत त्या पाकिटात काय काय भरलं गेलं देव जाणे.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मी रोह्याच्या गाडीतून गडबला उतरलो. दुकानासमोरच्या बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. वाडीची वाट विचारली तर एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "हाच रं तो, इस्टँडवाला मास्तर." दुसरा मोठ्याने मला म्हणाला, "मास्तर, ह्या हप्त्यात कार्ड नाय आला? आमी वाट बघून दमलो." सगळे हसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विनोदाला बाहेरच्या माणसांची दाद मिळत होती. मी मान खाली घालून चालू लागलो.

शेतांत राब भाजलेले होते. पेरणीआधी जमिनीवर पाला, शेण, गवत पसरून जाळतात, त्याची काळी चौकोनी ठिगळं सगळीकडे पडली होती आणि धुराचा वास घशात बसत होता. घर सापडलं. बाप शेतावर होता. अंगणात आई तांदूळ पाखडत बसली होती. ती उठली नाही. "गो, गुरुजींना पानी दे," एवढंच आत बघून म्हणाली.

मी शिकलेला माणूस. वाटेत मी पाठ केलेलं सगळं बोललो. चूक माझी, मुलगी हुशार, एक वर्ष राहिलंय, परीक्षेला बसू द्या, मी रोज तिला गाडीत बसवून देईन. आई पाखडत राहिली. माझं संपल्यावर सूप खाली ठेवून म्हणाली, "लगीन ठरलाय. निडीला दिली. ह्याच वैशाखात." सूप परत उचलत म्हणाली, "तुमी चांगला बोलता, गुरुजी. पोर सांगायची घरी, आमचे सर लय हसवतात."

मुलगी तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तू वर्गात बाहेर काय बघायचीस?"

"सव्वाबाराची लागली का नाय ते. लागली की लाल पाटी दिसायची खिडकीतून."

"मग सांगायचं नाहीस का? उठून जायचं. मी सोडलं असतं."

ती म्हणाली, "तुमी गोष्ट सांगत होता ना सर. मधी कसं उठायचं?"

मी तांब्या परत दिला. तिने तो घेतला आणि आत गेली. मी तिला त्यानंतर कधी पाहिलं नाही. रोह्याच्या वाटेवर निडी लागायची, वर्षानुवर्षं लागली. गाडी थांबली की मी पुस्तकात डोकं घालून बसायचो.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीचा वर्ग मलाच मिळाला. नव्या हजेरीपटावर नावं मीच उतरवली, कारण अक्षर. तिचं नाव नववीच्या जुन्या पटातून नव्यात आणायचं नव्हतं, म्हणून तिथे 'शाळा सोडली' असं लिहून सही करायची होती. कारणाचा रकाना होता. त्यात काय लिहावं हे मला सुचेना. मी 'घरगुती' लिहिलं. आदल्या वर्षीही ज्या ज्या मुली गळल्या होत्या त्या सगळ्यांपुढे माझ्याच वाटोळ्या अक्षरात तेच होतं, आणि तेव्हा तो शब्द लिहिताना हात अडखळला नव्हता.

पहिल्या आठवड्यातच शेवटच्या तासाला पोरं मागे लागली. "सर, कुंडलिकेत पडलात ती. नवीन मुलांना माहीत नाय." मी सुरू केली. सायकल घाटावर आणली, चाक सुटलं, मी हवेत होतो, आणि पाचची घंटा झाली. मी तोंड मिटलं. पुस्तक काखेत घेतलं.

"सर, पुढं? पडलात ना?"

"पडलो," मी म्हटलं. "उठा आता. गाडी असेल कोणाकोणाची."

कोणीच उठलं नाही. सगळे माझ्याकडे बघत बसले होते, हसायच्या तयारीत. मी दार उघडून बाजूला उभा राहिलो, आणि तिसऱ्या बाकावरचा शेवटचा मुलगा बाहेर पडेपर्यंत तिथेच उभा होतो.