अक्काच्या अर्जातली शेवटची ओळ

मागच्या उन्हाळ्यात शहाद्याच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. बारावी झालेल्या मुलामुलींना पुढे काय शिकावं ते सांगायचं होतं. कोणाला नर्सिंगला जायचं होतं, कोणाला औषधनिर्माणाला, एकीला समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही डॉक्टर व्हायचं कसं ठरवलं?"

मी आईच्या आजारपणाची गोष्ट सांगितली. तिचे हाल पाहिले आणि त्याच दिवशी ठरवलं, असं म्हणालो. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सुनेला एक वही आणायला सांगितलं.

आईचे हाल मी पाहिले नव्हते. तिच्या पाठीला काळपुळी झाली होती. खोलीत वास सुटायचा आणि मी दाराबाहेर उभा राहायचो. आत अक्का असायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवऱ्याने दुसरी केली म्हणून ती माहेरी परत आली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल. दर दोन दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवर यायचा. कापड किती वेळ उकळायचं, जखम मधून बाहेर पुसायची की बाहेरून मध्ये, हे त्याने अक्काला एकदाच दाखवलं. नंतर तो आला की ओट्यावर चहा पीत बसायचा आणि काम अक्का करायची. आई चार महिने जगली. कंपाउंडर म्हणाला, एवढी जगणार नव्हती.

तेराव्यानंतर तो पुन्हा आला आणि आबांना म्हणाला, "आबा, ह्या पोरीचा हात चांगला आहे. धुळ्याला नर्स आणि सुईणीचं शिक्षण देतात, दोन वर्षांचं. आपल्या भागातून एक बाई घेणार आहेत. धाडा तिला."

आबा म्हणजे आमचे वडील. तापीकाठी आमची जमीन होती आणि गावात आबांचा शब्द चालायचा. ते विचार करतो म्हणाले. मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. माझ्यासमोर वाटा थोड्या होत्या. मास्तर होता येत होतं. देवी टोचणाऱ्याची नोकरी होती. आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर व्हायचा एक छोटा अभ्यासक्रम होता. आणि पुण्याला वैद्यकीची शाळा होती, जिथून चार वर्षांनी डॉक्टर होऊन बाहेर पडता यायचं. मला पुण्याला जायचं होतं. जखमेजवळ मला उभं राहवत नव्हतं, तरी जायचं होतं. डॉक्टर गावात आला की आबासुद्धा उठून उभे राहत, हे मी पाहिलं होतं. ठरवण्याचं खरं कारण तेवढंच.

दोन दिवसांनी आबांनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं.

"दोन्ही जन रगत-पूमा हात घालतीन त मन्हा घरनं पानी कोन पिई?" ते म्हणाले. "एकच जन जाई. अक्का पास व्हयनी त ती जाई, तू मास्तर व्हय. नही व्हयनी त तू पुनाले जाय."

अक्का लगेच म्हणाली, "आनि दोन्ही नापास व्हयनूत त?"

"त दोन्ही जन वावरमा चला," आबा म्हणाले. ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

अक्काला आधी संधी मिळाली, कारण ती मोठी होती आणि तिला घरातून बाहेर पडायची दुसरी वाट नव्हती. आबांनी हे बोलून दाखवलं नाही. पण मला ते कळत होतं. नवऱ्याने टाकलेली बाई त्या काळी माहेरी राहायची, भाकरी थापायची, भावजय आली की तिच्या हाताखाली थापायची. अक्काला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अर्जाचा कागद इंग्रजीत आला. अक्का मराठी चौथी शिकलेली होती. इंग्रजी घरात फक्त मला येत होतं. मी कागद घेऊन तिच्यासमोर बसलो आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. वय अठराच्या पुढे. लिहिता-वाचता यावं. चालचलणुकीचा दाखला. स्वतःचं अंथरूण आणि भांडी आणावी. शेवटची ओळ अशी होती, की उमेदवार बाईला रोग्यांशी त्यांच्या स्थानिक बोलीत बोलता आलं पाहिजे.

मी सांगितलं, "रोग्यांशी शुद्ध भाषेत बोलता आलं पाहिजे."

'बोली' या अर्थाचा तो इंग्रजी शब्द मला येत नव्हता, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. शब्द मला येत होता. शाळेच्या शब्दकोशात मी तो पाहिलेला होता. धुळ्याच्या बोर्डिंगात असताना मी वर्गात 'आहे'ऐवजी 'शे' म्हणालो की मुलं बाकं वाजवायची, तेव्हाच पाहिला होता.

अक्का घाबरली. "शुद्ध म्हंजे मास्तर बोलस तसं?"

"तसंच. आजपासून 'शे' म्हणायचं नाही. 'आहे' म्हण."

"आहे," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. "मी काय मामलेदारनी बायको शे का?"

"पुन्हा 'शे' म्हणालीस."

पुढचे तीन आठवडे मी तिला शिकवलं. चांगलं शिकवलं, हेही लिहायला हवं. सकाळी ती गोठ्यात असायची आणि मी दारात पुस्तक घेऊन. मी विचारायचो, "आपणास कोठे दुखते?" ती शेण ओढत म्हणायची, "आपणास कोठे वेदना होतात?" तिला 'वेदना' शब्द आवडला होता. तिची जीभ पटकन वळायची. तिसऱ्या आठवड्यात ती म्हशीशीसुद्धा शुद्ध बोलत होती. आबा ऐकायचे आणि म्हणायचे, "हाई म्हस आते दूध दी ना नही?"

एकदा तिने मला विचारलं होतं, "भाऊ, आपल्या बायास्ले हाई समजी का?" आपल्या बायकांना हे कळेल का. मी म्हणालो, परीक्षेत कळायची गरज नसते.

निवड नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात होती. आम्ही तिघे बैलगाडीने नदीकाठच्या प्रकाशा गावाला आलो, तापी नावेतून ओलांडली आणि पलीकडे दुसरी गाडी केली. शहराबाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. अक्का तोंडावर पदर धरून बसली आणि वाटभर पुटपुटत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात धुळ्याहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या. आबा त्यांच्याजवळ गेले, हात जोडले आणि दहा मिनिटं काहीतरी बोलत उभे राहिले. अक्का आणि मी अंगणात कडुलिंबाखाली होतो. बोलणं ऐकू येत नव्हतं. बाई मान हलवत होत्या.

मग अक्काला बोलावलं. बाईंनी तिला थर्मामीटर वाचायला दिला. तिने बरोबर वाचला. पट्टी बांधायला सांगितली. तिने बांधली, तेव्हा बाईंनी जवळ येऊन गाठ पाहिली आणि शेजारच्या कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं. मी कठड्याशी उभा होतो. ती पास होणार हे मला दिसत होतं.

मग बाईंनी बाकावर बसलेल्या एका रोगी बाईला पुढे आणलं. खेड्यातली, पोट धरून बसलेली, माझ्या आईच्या वयाची. अक्काला म्हणाल्या, "हिला काय होतंय, केव्हापासून होतंय, हिच्याशी बोलून मला सांग."

अक्का तिच्यासमोर बसली. पाठ ताठ केली. म्हणाली, "आपणास कोठे वेदना होतात?"

रोगी बाई तिच्याकडे पाहत राहिली.

"वेदना केव्हापासून होत आहेत?"

रोगी बाईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "काय म्हनी ऱ्हायनी व माय हाई?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला तिची बोली येत होती. जन्मापासून येत होती. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. मी मान हलवली, नाही म्हणून. अक्काने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा मोठ्याने. रोगी बाई रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी अक्काला थांबवलं.

दाखले परत घ्यायला मी आत गेलो. बाई मला म्हणाल्या, "हात चांगला आहे हो तुमच्या बहिणीचा. पण मला इथल्या बायकांशी त्यांच्यासारखं बोलणारी हवी. शहरातल्या बायका माझ्याकडे पुष्कळ आहेत. अर्जात लिहिलं होतं ना आम्ही?"

मी म्हणालो, "हो, लिहिलं होतं."

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. तिला बोलता येतं, मीच नको म्हणालो, असं. बाई समोर होत्या आणि अक्का वीस पावलांवर होती. मला काही वाटत होतं असं आठवत नाही. दाखले घडी करून खिशात ठेवले ते आठवतं.

अंगणात येऊन मी आबांना सांगितलं, "घाबरी गयी." अक्काने ऐकलं. परतीच्या वाटेवर नावेत ती आबांकडे पाठ करून बसली, आणि मला कळलं की तिने काय समजूत करून घेतली आहे. आबांनी त्या दहा मिनिटांत बाईंना सांगून आपल्याला नापास करवलं, असं तिला वाटत होतं. आबा त्या दहा मिनिटांत माझ्यासाठी चौकशी करत होते. पुण्याच्या शाळेला अर्ज कधी करायचा, कोणाकडे करायचा, अक्का नापास झालीच तर. प्रकाशाला गाडी जुंपताना त्यांनी मला हे सांगितलं.

मी तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दुसरं कारण शोधलं असतं.

जूनमध्ये मी पुण्याला गेलो. चार वर्षांनी परत आलो आणि पुढे याच भागात नोकरी केली. पहिल्या दिवसापासून मी रोग्यांशी बोलीत बोललो. "काय दुखस, माय? कवयपासून?" बायका म्हणायच्या, हाऊ डाक्टर आपला शे. माझं नाव त्यामुळेच झालं.

अक्का घरी राहिली. आबांना ती वेळेवर ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण त्यांच्याशी बोलली नाही. अकरा वर्षं. आबांना कारण कळलं नाही. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारलं, "तिले मन्हा कसाना राग शे रे?" मी त्यांची नाडी पाहत होतो. म्हणालो, "बोलू नका, दम लागेल." ते गेले तेव्हा अक्का चुलीपुढे होती.

निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. दहा-बारा वर्षांनी एका दुपारी अक्का ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. सत्तरी ओलांडली होती तिने. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. अर्जातली ओळ, मान हलवली ते, बाई काय म्हणाल्या ते.

ती खुडत राहिली. मग म्हणाली, "आबानी काय सांगं व्हतं मंग त्या बाईले?"

"मन्हं इचारं व्हतं. पुनाना शाळानं."

"मन्हं काहीच नही?"

"काहीच नही."

तिने हात थांबवले. तिखटाचे हात होते, म्हणून ते गुडघ्यांवर उलटे ठेवले. म्हणाली, "माले सांगीसन काय उपेग? पोरेसले सांग. त्या समजतस मी घाबरनू."

मी "सांगस" म्हणालो. आमच्या घरातली पोरं मोठी झाली तरी तिला अजून चिडवायची, अक्का नंदुरबारले घाबरी गयी म्हणून. मी सांगितलं नाही. अक्काला जाऊन आता तीन वर्षं झाली. सुनेने आणलेल्या वहीत हे लिहितो आहे ते त्याच पोरांसाठी, आता ती पन्नाशीला आली आहेत.

त्या दुपारनंतरची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आईची घागर दरवर्षी अक्का भरायची, आबांची मी. त्या वर्षी मी घागरीला हात घालणार तोच अक्काने ती ओढून घेतली आणि स्वतः भरायला लागली. घरातली सगळी पोरं तिथे होती.

सून म्हणाली, "आत्या, आबास्नी घागर औंदा तुम्ही कशा भरी ऱ्हायनात?"

अक्का माझ्याकडे पाहत राहिली. पाणी काठापर्यंत आलं तरी पाहत राहिली.

"ऊन चढी ऱ्हायनं," मी म्हणालो. "आटपा."