खोकला गेल्यानंतर

काल लेकीसाठी खोकल्याच्या औषधाची बाटली उघडली आणि त्या गोडसर वासानं मला कोराडीच्या क्वार्टरमध्ये नेलं.

बाबा वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होते. धुळीनं खोकला जडला, डॉक्टरांनी औषध दिलं. खोकला महिन्याभरात गेला, बाटल्या मात्र येतच राहिल्या. आधी त्यांना औषधाशिवाय झोप येईना, मग ड्युटीवर जाववेना. एका रविवारी दुपारी मी बाटली तांदळाच्या डब्यात लपवली.

बाबांनी कपाट उपसलं, गाद्या उलथल्या. भर थंडीत त्यांना घाम फुटला होता.

"कुठी ठेवली वं? दे मले!"

"बाबा, तुमचा खोकला तर कधीचाच गेला."

कधी आवाजही न चढवणाऱ्या बाबांनी माझं मनगट पिरगाळलं. त्यांची नजर अनोळखी होती. घाबरून मी डबा दाखवला. तांदूळ सांडत त्यांनी बाटली तोंडाला लावली, आणि मग तिथंच खाली बसले.

पुढे आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. औषधाची सवय सुटायला दोन वर्षं लागली.

त्या दुपारी मला बाबांची भीती वाटली होती. त्यांना कोणाची वाटत होती, ते आज कळतं. माझ्या लाल मनगटाकडे बघत ते पुटपुटले होते, "बाई, उद्या मी मांगतली तरी देऊ नको."