आबांना मनातलं कळतं

आमच्या सासऱ्यांना मनातलं कळतं, असं मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हापासून मानत होते. मी अंधश्रद्धाळू नाही. शनिवारी नखं कापते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणते. पण पुरावेच तसे होते.

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. समोर हॉलमध्ये आबांची खुर्ची. मिक्सर चालू असताना माणूस जे पुटपुटतो ते त्याचं खासगी असतं, अशी माझी भाबडी समजूत. एकदा नणंदबाई येणार म्हणून मी चटणी वाटता वाटता म्हटलं, "आता पोळ्या कशा लाटायच्या ते शिकायला मिळणार." मिक्सर थांबायच्या आत बाहेरून आवाज, "तिचं मनावर घेऊ नगं, सूनबाई. लहानपणापास्नं तशीच हाय ती." माझ्या हातातलं भांडंच निसटलं.

नवऱ्याचीही तीच गत. तो गॅलरीत जाऊन, काचेचं दार लावून, मित्राशी फोनवर लोणावळ्याचा बेत करत होता. आत आला तर आबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "जा की, पन घरात सांगून जा."

तेव्हापासून आबांसमोर मी मनात भलतंसलतं येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. ते काही जमेना, म्हणून त्यांना चहा देताना मनात सतराचा पाढा म्हणायची सवय लावली. सतरा सक्के अडखळायचे, आणि मला वाटायचं, आबांना तेही कळलं असणार.

तर असं हे घर एका रविवारी दुपारी सिनेमाला गेलं. तिकिटं मुलीने काढली. ती चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे, आणि तिचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. पुढच्याच रविवारी मुलाकडची मंडळी बैठकीला येणार होती. "मग असं सगळ्यांना एकत्र जायला कधी मिळणार?" असं ती म्हणाली, आणि आम्हाला एक दाक्षिणात्य, हिंदीत डब केलेला, भयंकर थरारक सिनेमा दाखवायला घेऊन गेली. प्रेमाच्या तऱ्हा प्रत्येकाच्या वेगळ्या.

गोष्ट अशी होती : एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक डॉक्टरीणबाई रुग्णांवर चोरून प्रयोग करते. डोक्याला वायरी लावते, कानामागे काहीतरी बसवते, आणि लोकांच्या मनातलं पडद्यावर वाचते. एक रुग्ण पळून जातो, तर त्यालाच उलट तिच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. मध्यंतरापर्यंत मी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, "अगं, माझ्यावर प्रयोग नको करू."

सिनेमा सुटल्यावर बाहेर वडापाव खाताना चर्चा सुरू झाली. आबा खुशीत होते.

"ती डागदरीण भली बाई," ते म्हणाले. "त्या पोराचं डोस्कं दुखायचं, किती इलाज केले तिनं! आन त्यो नालायक औषध अर्धं सोडून पळाला."

मुलगी हसून हसून वाकली. "आबा, ती खलनायिका होती!"

"हां, म्हंजी तशी कडक होती," आबा म्हणाले आणि घाईघाईने मिरचीला चावले.

सगळे हसले. मीही हसले. पण मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. आबा रोज मराठी मालिका बघतात, त्यातल्या कुठल्या सासूने कुठल्या सुनेला काय टोमणा मारला ते शब्दाशब्दाने सांगतात. हिंदीही त्यांना उत्तम येते, कारखान्यात अर्धा जन्म हिंदी बोलण्यात गेला. मग इथेच काय झालं? या सिनेमात माणसं बोलत होती एका भाषेत आणि ऐकू येत होतं दुसऱ्या भाषेत. ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. आणि तळघरात तर सगळ्यांच्या तोंडाला डॉक्टरी मास्क.

त्या डॉक्टरीणबाईचा वाण नाही पण गुण लागलाच. दुसऱ्या दिवशी घरात आबांखेरीज कुणी नसताना मी माझ्या स्वयंपाकघरात गुप्त वैद्यकीय प्रयोग सुरू केला.

पहिला प्रयोग : कमानीत उभी राहिले, तोंडासमोर ताट धरलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "आबा, जिलेबी खाणार का?"

काही नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि सून ताटाशी का बोलते आहे या काळजीने चष्मा पुसला.

दुसरा प्रयोग : ताट खाली घेतलं आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवले. आबा, जिलेबी खाणार का?

"शुगर हाय मला," आबा म्हणाले. "पन अर्धी चालंल."

इतकी वर्षं म्हटलेला सतराचा पाढा माझ्या डोळ्यांपुढून झरझर गेला.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. काही विचारावं लागलं नाही. माझं तोंड बंद होतं तरी या वेळी त्यांना खरंच मनातलं कळलं असावं.

"प्रेसशॉपला होतो ना," ते म्हणाले. "तिथं पत्रा ठोकायची मशिनं. धाड धाड, दिवसभर. कानाचा उपेग न्हाई तिथं. समोरचा काय बोलतो ते तोंडाकडं बघून समजायचं. आमी सगळेच तसं करायचो. लांब त्या टोकाचा सुपरवायझर शिवी देतोय का च्या प्यायला बोलवतोय, हितनं कळायचं."

"आणि ऐकू यायचं कधी बंद झालं?"

"हळूहळू गेलं. मला तरी कुठं कळलं? मला वाटलं लोकंच हळू बोलाया लागली."

मला एकेक गोष्ट उलगडायला लागली. आबा फोन कधीच का घेत नाहीत. करोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आल्यावर त्यांनी बागेतल्या मित्रांकडे जाणं का सोडलं. आणि टीव्हीचा आवाज फार वाढवावा लागतो म्हणून आमच्या घरातल्या इंजिनिअरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जुन्या टीव्हीचा स्पीकर गेला असं निदान करून नवा टीव्ही का आणला. मी त्या निदानाला मान हलवली होती. वर सोफ्याचंही निदान करून घेतलं होतं.

"आबा, डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हटलं.

"बैठक होऊ दे आदी. आन तंवर कुनाला बोलू नगं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या गावाला, कुरुळीला, एक थोरले चुलते होते. कानानं गेलेले. घरातल्या बैठकीत त्यांच्या हातात नारळ दिला आन कोपऱ्यात बसवलं. बोलले दुसरेच. ते आपले नारळ धरून बसले, शेवटपतोर. नातीच्या बैठकीत माझ्या घरी मी नारळ धरून बसायचो न्हाई. माझा धाकटा भाऊ टपलेलाच हाय, 'दादाला दगदग नको, मी बोलतो' म्हनायला."

आमच्याकडे बैठकीत मुलीच्या बाजूने घरातला वडीलधारा बोलतो. मुलीचा बाप नुसता पाण्याचे ग्लास फिरवतो. आबा या बैठकीसाठी महिनाभर आधीपासून नवा सदरा शिवून बसले होते. मी म्हटलं, "कुणाला सांगणार नाही. पण कान तपासायचे. याच आठवड्यात."

"त्या शिनेमातल्यावानी कानामागं बसवून डोस्क्यातलं काढून घेतात त्ये?"

"तुमच्या डोक्यातलं घेऊन ते काय करणार, आबा?"

"त्येबी खरंय," म्हणाले आणि चपला घातल्या.

आकुर्डीच्या त्या दवाखान्यातली तपासणीची खोली पाहून मात्र मीच दारात थबकले. हुबेहूब सिनेमातली. लहानशी बंद पेटी, भिंतींना काळा स्पंज, एक काच. आबांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. काचेबाहेर एक तरुण मुलगी यंत्रासमोर बसली. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम.

आबा धडाधड दाबू लागले. एकही चुकेना. त्या मुलीने यंत्राकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी चक्रावले. मग काचेतून आबांकडे नीट पाहिलं. त्यांची नजर त्या मुलीच्या हातावर खिळली होती. तिने यंत्रावरची कळ दाबली की आबा बटण दाबत होते. सगळा जन्म मशीनवर गेलेला माणूस. समोरच्याचा हात हलला की यांचा हात हलणारच! परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळावेत तसा प्रकार.

"त्यांची खुर्ची उलटी करा," मी म्हटलं.

खुर्ची भिंतीकडे फिरली. आणि मग बटण फार वेळ दाबलं जाईना. मी बाहेर उभी राहून त्यांची पाठ बघत होते. हात बटणावर तयार ठेवलेला, मान जरा तिरपी. ते कान देऊन वाट बघत होते आणि त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तेवढा वेळ मला हसू आलं नाही.

बाहेर आल्यावर आबाच म्हणाले, "नापास ना?"

"नापास," मी म्हटलं.

"ती पोरगी लई हुशार. पन तिला सांग, दुपारचं जेवन टाळत जाऊ नगं. मघाशी काचंमागं मैत्रिनीला सांगत होती."

यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे बसणारं. पहिल्या दिवशी घरात आम्ही दोघंच असताना आबांनी ते घातलं, आणि एकच तक्रार सुरू झाली. कुकर किती बोंबलतो. पंखा कुरकुरतो. "आन सूनबाई, ह्यो तुझा मिक्सर असा वरडतो व्हय? आन तू ह्याच्या पुढ्यात बसून रोज बोलायचीस?" संध्याकाळपर्यंत यंत्र सदऱ्याच्या खिशात गेलं. "बैठकीत मी तोंडाकडं बघून निभावतो. कानात त्ये दिसलं की धाकट्याचं फावंल."

रविवार उजाडला. पोहे झाले, सरबत झालं, आबा नव्या सदऱ्यात मधल्या सोफ्यावर. शेजारी धाकटे चुलतसासरे, बोलण्यासाठी ओठ ओले करून तयार. मुलाकडची मंडळी आली. आत आले मुलाचे आईवडील, मुलगा, आणि सर्वांत शेवटी, त्यांच्या बाजूने बोलणारे वडीलधारे, म्हणजे मुलाचे आजोबा.

त्यांना मिश्या होत्या.

साध्यासुध्या नव्हे. वरच्या ओठावरून निघून खालच्या ओठावर पडदा टाकणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार. त्या मिश्यांमागे तोंड आहे हे केवळ पोहे आत जाताना कळत होतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे. मनातलं ओळखायला कुणालाच काही विद्या लागली नाही.

सुरुवातीचं निभावलं. पाऊसपाणी, गावं, कोण कुणाचे पाहुणे. मुलाचे वडील बोलत होते, त्यांची दाढी चकाचक. मग मिशीवाल्या आजोबांनी बैठक मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "पोरीच्या नोकरीचं आमचं काही नाही, करू द्या. पण ते दुसऱ्या शिफ्टचं काय? घरी यायला रात्र होते. लग्नानंतर ते बंद करायचं असं धरून चालायचं ना?"

आबांनी हसून मान हलवायला सुरुवात केली. समजलं नाही की हसून मान हलवायची, हा त्यांचा नेहमीचा तोडगा. माझ्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिला ती नोकरी जिवापाड आवडते, आणि तिचा आजोबा भर बैठकीत होकार द्यायला निघाला होता.

मी कमानीत उभी राहून ओठांनी ओरडले. शिफ्ट! शि-फ्ट! बंद नाही! मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि आदराने हात जोडले. तिला बहुधा वाटलं, मी जप करते आहे. पण आबांची मान मध्येच थांबली. अर्धं काहीतरी पोचलं होतं. अर्धं.

धाकटे चुलतसासरे लगेच पुढे सरकले. "दादांना जरा दगदग होते. मी बोलतो त्यांच्या वतीनं..."

"तू पोहे खा," आबा म्हणाले.

मग त्यांनी खिशात हात घातला. नव्या सदऱ्यातून ते यंत्र काढलं, सगळ्यांच्या देखत, सावकाश कानामागे बसवलं. यंत्र एकदा कुईं करून वाजलं.

"पाहुनं, राग मानू नका," आबा म्हणाले. "तुमच्या मिशा मोठ्या हायेत आन माझे कान अधू. तोंड दिसंना तुमचं. आता परत इचारा."

आजोबांनी परत विचारलं, या वेळी जरा नरमाईने. आबांनी शब्द न् शब्द ऐकला.

"शिफ्टचं मला काय इचारता?" ते म्हणाले. "मी रात्रपाळ्या केल्यात, तुमीबी केल्या असतील. नोकरी तिची हाय. ती हितंच बसलीय की. बोल गं, बाय."

आमच्या बैठकीत मुलगी कधी बोलत नाही. माझ्या वेळी तर मान वर करायचीही पद्धत नव्हती. मी नवऱ्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच्या बुटांवरून ओळख पटवून. पण मुलगी बोलली. आधी आवाज कापला, मग सरळ झाला. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, कंपनीची बस सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडते, आणि तिला ती शिफ्ट सोडायची नाही, हे तिने सांगितलं. मुलगा म्हणाला, "माझीपण फिरती शिफ्ट आहे. जुळवून घेऊ." मिशीवाल्या आजोबांनी आपल्या सुनेकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, आणि मिशी वर झाली. खाली हसू असावं.

"मग आता साखर वाटा," ते म्हणाले.

साखर वाटेपर्यंत दोघं म्हातारे गायब. नवरा कॅलेंडर घेऊन तारखेसाठी त्यांना शोधू लागला. ते गॅलरीत होते, काचेचं दार लावून. यंत्र आता मिशीवाल्या आजोबांच्या कानात होतं, आणि ते कपाळाला आठ्या घालून खालची वाहतूक ऐकत होते.

"आमच्या घरात सगळे माझ्याशी ओरडूनच बोलतात हो," ते आबांना सांगत होते. "मला वाटायचं, स्वभावच तापट झालेत."

आबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि मिशीमुळे दिसतही नव्हतं. ते मनापासून हसून मान हलवत होते.