दारोदार लेविटची आई

आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात पोरगं एकोणीस वर्षांचं झालं की जर्मनी गाठतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, त्याच वयाची दोन पोरं सुटाबुटात राहायला आली तेव्हा सगळी बिल्डिंग बघत राहिली. खिशावर काळी पाटी: ‘वडील लेविट’, ‘वडील हॅच’. अमेरिकेतले मॉर्मन, धर्म सांगायला आलेले; त्यांच्यात असल्या पोरांनाही ‘वडील’ म्हणतात. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे वडील.

“काय वडील, दाढी कधी येणार?” तळमजल्यावरचा त्सोलो रोज विचारायचा.

“अर्ज दिलाय, दादा. वरून अजून उत्तर नाही,” लेविट म्हणायचा.

वर्षभरात तो आमची भाषा अशी शिकला होता की टोमणा आला तर परतवायचा. तिथेच तो मला आवडला. हॅच नवीन होता, वाक्य जुळवताना घामाघूम व्हायचा.

मी गिन्का. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं भांडून शिकले. पाणी बंद झालं, बस बंद झाली, कुणाचं पेन्शन अडलं की लोक माझं दार वाजवतात. पत्रकं मीच लिहिते, मीच चिकटवते. माझी खळीची बादली साऱ्या वस्तीला माहीत आहे. धर्मबिर्म मला विचारू नका. पण शेजारी म्हणजे शेजारी.

त्यांचा आठवडा मला भिंतीतून ऐकू यायचा. उजाडायच्या आत उठायचं, गुडघे टेकायचे, पुस्तक वाचायचं. मंगळवारपासून शनिवारपर्यंत दारं. लोक तोंडावर दार आपटायचे, एकाने कुत्रं सोडलं. बुधवारी भाड्याच्या खोलीत इंग्रजीचा फुकट वर्ग. तिथे गर्दी. लोक इंग्रजी घेऊन जायचे आणि देव तिथेच ठेवायचे. रविवारी त्याच खोलीत उपासना, समोर चार म्हाताऱ्या. महिन्यातून एक रविवार अन्न नाही की पाणी नाही. कॉफी नाही, दारू नाही, मुलगी नाही. आणि एकट्याने कुठे म्हणजे कुठे जायचं नाही. एक केस कापायला बसला तर दुसरा त्याच्याकडे बघत बसणार.

सोमवार सुट्टीचा. कपडे धुवायचे, बटाटे आणायचे, घरी फोन करायचा. त्यांच्या खोलीत हाडं गोठायची, म्हणून मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात या, चूल पेटलेली असते. तर त्यांचा आणखी एक नियम निघाला: एकट्या बाईच्या घरात दोघांनी बसायचं नाही, तिसरा पुरुष हवा.

“एकसष्ट वर्षांच्या बाईपासून पोरांना धोका,” त्सोलो म्हणाला. “धर्मात अक्कल आहे हां. मी येतो राखणीला.”

तेव्हापासून दर सोमवारी त्सोलो माझी घरची दारू, रकीया, पीत राखण करायचा. आधी हॅच घरी बोलायचा, मग लेविट. तिकडे आयडाहोत सकाळ असायची. लेविटची आई कॉलीन फोनच्या पडद्यावरून मला हात करायची. “पोरं जेवतात का?” हे ती पहिलं विचारायची, लेविट मला सांगायचा. उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर केस होते. सप्टेंबरात रुमाल आला. ऑक्टोबरात रुमालाखालचा चेहरा मुठीएवढा झाला. मला इंग्रजी येत नाही, पण नवऱ्याला मी असाच जाताना पाहिलाय.

नोव्हेंबरात ती पलंगावरून बोलली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाला?”

“नाताळ दिसणार नाही.”

“तिकीट कधीचं?”

“तिकीट नाही, मावशी. माझ्या दोन वर्षांतले अजून सात महिने आहेत.”

मला वाटलं भाषेत घोळ झाला. पुन्हा विचारलं. घोळ नव्हता. आई म्हणाली होती, देवाचं काम अर्धं टाकून येऊ नकोस. त्याचे दोन्ही मोठे भाऊ असंच काम पुरं करून परतले होते. आणि आपण मेल्यानंतरही एकच कुटुंब असतो, पुन्हा भेटतो.

“पुन्हा भेटाल तेव्हा भेटाल,” मी म्हटलं. “माती पुढच्या आठवड्यात आहे.”

आमच्यात लग्नाला आला नाहीस तर चालतं. मातीला यावंच लागतं. माझा मुलगा बापाच्या मातीला श्टुटगार्टहून गाडी हाकत आला, मालकाने कामावरून काढला तरी. मूठभर माती टाकली नाही तर माणूस आयुष्यभर हात धुवत राहतो.

त्सोलो पेल्यात बघत म्हणाला, “पोरा, देवाला सात महिने थांबता येतं. त्याला कुठे कॅन्सर झालाय.”

लेविट हसला नाही.

मी हॅचकडून राजधानीचा, सोफियाचा नंबर काढला. यांच्या मिशनचा अध्यक्ष तिथे बसतो. कंबर कसूनच फोन लावला. असल्या साहेबांना कुठे धरायचं ते मला कळतं. म्हटलं, तुम्ही पोराला आईपासून तोडलंय, मी पेपरात देईन, तुमच्या दारात येऊन बसेन.

माणूस शांतपणे ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “बाई, मी त्याला दोनदा विचारलं. आज हो म्हणाला तर उद्याचं विमान. आईला भेटून परत यायचं असेल तर तेही. तो नको म्हणतो.”

“मग हुकूम करा.”

“त्याच्या आईने टाकलेला शब्द मी कसा मोडू?”

भांडायला समोर कुणी उरलंच नाही. एवढी वर्षं मी दारं धडकवली, आत नेहमी कुणीतरी असायचं. मग एकच माणूस राहिलं, ते पलंगावर होतं.

पुढच्या सोमवारी लेविटने बोलायला सुरुवात केली तोच मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. “तिला सांग, गिन्का म्हणते, पोराला घरी बोलाव.”

तो इंग्रजीत काहीतरी बोलला. कॉलीन हसली, हात हलवला. मी हॅचकडे पाहिलं. हॅचचे कान लाल झाले होते.

“काय सांगितलं याने?”

“की... तुम्ही प्रकृती विचारताय,” हॅच म्हणाला.

“तू सांग. मी म्हटलं तस्संच.”

“हॅच, नको,” लेविट म्हणाला.

हॅचने सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तोही कुणाचा तरी मुलगाच. कॉलीनने रुमाल कपाळावर ओढला. मग हळूहळू बोलली, मधे मधे श्वास घेत. लेविटने मान खाली घातली. हॅच माझ्या कानात सांगत गेला: “ती म्हणते, मला तो हवाय. रोज रात्री मी त्याला हाक मारते, तोंड उशीत घालून. पण मी बोलावलं आणि तो आला, तर गावात लोक विचारतील, अर्ध्यात का आलास? तो म्हणेल, आईसाठी. ते ओझं उतरवायला मी नसणार. ती म्हणते, मावशीला सांग, मला पुन्हा असलं काही विचारू नकोस.”

त्सोलो पेला तसाच ठेवून उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. राखण मोडली, पण त्या दिवशी कुणाला नियम आठवला नाही.

मी वाट पाहिली. मंगळवारी, बुधवारी. आईच्या तोंडून ऐकल्यावर कोण थांबतं? भिंतीतून त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. एकदा जिन्यात धरला तेव्हा म्हणाला, “तिने हवाय म्हटलं. ये नाही म्हटलं.” आणि इंग्रजीच्या वर्गाला गेला.

शनिवारी ती गेली.

मातीचा कार्यक्रम त्याने माझ्या टेबलावर, फोनच्या काचेत पाहिला. सूट घालून, पाटी लावून, ताठ बसून. तिकडे बर्फ होतं. पेटी खाली गेली तेव्हा चित्र अडकलं आणि बराच वेळ त्याचा बाप अर्ध्या पावलावर उभा राहिला. लेविट त्या थिजलेल्या चित्राकडे बघत होता. हॅचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तो काढला नाही.

मग मी जे करतात ते केलं. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर लावतात. लोकांना कळतं, मनात दोन शब्द म्हणतात. तो कागद कुणी काढत नाही, पावसाने जाईल तेव्हा जाईल. हॅचकडून फोटो घेतला, केस असतानाचा. क्रूस छापू दिला नाही, हे लोक तो लावत नाहीत हे मला ठाऊक होतं. ‘कॉलीन लेविट. आमच्या शेजारच्या मुलाची आई.’ एक आमच्या बिल्डिंगच्या दारावर लावला. पण तो पोरगा साऱ्या वस्तीची दारं हिंडत होता, म्हणून खळ घेऊन साऱ्या वस्तीच्या दारांवर लावले. बायकांनी मयताला करतात ते उकडलेले गोड गहू आणून दिले. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही.

मंगळवारी दोघं नेहमीसारखे निघाले. संध्याकाळी लेविट माझ्या उंबऱ्यात उभा राहिला. चेहरा राखेचा.

“मावशी, आज सगळ्यांनी दार उघडलं.”

“बरं झालं की.”

“आत बसवलं. पाव दिला. एका आजींनी माझा हात धरून ठेवला.” त्याने चौकटीला पाठ टेकली. “मी देवाबद्दल एक शब्द बोललो नाही. प्रत्येक दारावर ती आहे. बेल तिच्या गालाशेजारी आहे.”

“सवय होईल,” मी म्हटलं.

रोज तो त्याच दारांवर जात राहिला. सोमवारी फोनवर बाप आला. मोठा, उन्हाने भाजलेला माणूस. हॅच आता न विचारता माझ्या कानात सांगत होता. बाप म्हणाला, तिला तुझा अभिमान होता, चर्चमध्ये सगळे तुझंच नाव घेत होते.

लेविट म्हणाला, “बाबा, तिला मी हवा होतो. तिने सांगितलं मला.”

बापाने खुर्ची फोनजवळ ओढली. मग म्हणाला, “माहीत आहे. रोज रात्री ऐकायचो. शेवटच्या दिवशी म्हणाली, बोलव त्याला. मला वाटलं, ग्लानीत आहे.”

पुढचं हॅचने सांगितलं नाही, गरजही नव्हती. लेविटने “ठीक आहे, बाबा,” एवढं म्हणून फोन बंद केला. खुर्ची नीट आत सरकवली आणि कोट न घालता जिना उतरला. हॅच दोघांचे कोट घेऊन मागे धावला.

मी गच्चीत गेले. खाली लेविट बिल्डिंगच्या दाराशी वाकला होता. कागद फाडत नव्हता, नखाने कडा उचलून सोलत होता, चेहऱ्याला धक्का न लावता. खळ थंडीने दगड झालेली. त्सोलो तिथेच बाकावर होता. आमच्यात हे कुणी करत नाही, दुसरा कुणी असता तर त्याने काठी उगारली असती. तो नुसता बघत बसला.

पहिला कागद निघाला. लेविटने तो शर्टाच्या आत ठेवला आणि पुढच्या दाराकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. हॅच दोन पावलं मागे, हातात कोट. गल्लीच्या टोकाला दोघं वळले तेव्हा अंधार पडत होता आणि अर्धी वस्ती उरली होती.