मास्टरांचे बत्तीस दात

"निधान," असं स्वतःशीच म्हणत मास्टर जेवणानंतर डबीतून दातांचा दोरा ओढायचे. निधान म्हणजे कन्नडात सावकाश. गळ्यातल्या टेपवर अठरा इंच मोजायचे, कातरीने कापायचे आणि दुकानाच्या दारातच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दात साफ करायला बसायचे.

आमचं शिंप्यांचं दुकान म्हैसूरच्या अग्रहारात. ते कटिंग करायचे, मी शिलाई. येलवालहून बसने यायचे. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, आणि सत्तरीतही बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात. माझे पंचावन्नातच चार गेलेले. अशा माणसाशेजारी रोज बसून बघा, मग मला हेवेखोर म्हणा.

माझ्या पुढच्या दाताला खाच आहे. तीस वर्षं दोरा दातानेच तोडला. आमच्या धंद्यात अशी खाच पुष्कळांना असते. मास्टरांनी कधी तोडला नाही. "कातर कशाला आहे मग?" एवढंच विचारायचे. मेटगळ्ळीच्या कारखान्यातली माणसं युनिफॉर्मची मापं द्यायला आली, की मास्टरांशीच हसतबोलत उभी राहायची. माझी बायको डबा घेऊन आली, तर तीही म्हणायची, "मास्टर हसले की किती चंद, किती छान दिसतात, अल्वा? हो ना?" मी मशीन जोरात चालवायचो.

मग माझी डावी दाढ दुखायला लागली. उजवीकडच्या आधीच गेल्या होत्या, म्हणजे चावायला डावी बाजूच उरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे रोज दोरा फिरवलात तर ही वाचेल, नाहीतर काढावी लागेल."

मास्टरांना विचारणं सोपं होतं. पण विचारायचं म्हणजे त्यांचं मोठेपण मान्य करायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. ते चहाला गेल्यावर मी मशीनच्या रिळाचाच दोरा घेतला. जन्म दोऱ्यात गेला, मला कोण काय शिकवणार? बटण आवळावं तसा खसकन ओढला. हिरडी कापली, दोरा तुटून अर्धा आतच राहिला, आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त पडलं.

मास्टर परतले. हसले नाहीत. हसले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. हात धुऊन म्हणाले, "तोंड उघड बा." आपल्या दोऱ्याने अडकलेला तुकडा हलकेच बाहेर काढला. "शिवायचा दोरा बेडा रे, नको तो, कापतो. हा बघ, मेणाचा." मग एक नवा तुकडा माझ्या हातात दिला.

"दोन्हीकडे मधल्या बोटांना गुंडाळ. मधे दोन इंच ठेव. अंगठ्यात आणि पहिल्या बोटात ताणून धर. झटका नको, हलवत हलवत फटीत उतरव. निधान. आता दाताला मिठी मारल्यासारखा वळव, हिरडीच्या स्वल्प आत ने, वरखाली कर. शेजारच्या दातालाही तसंच. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग घे. शेवटच्या दाढेची मागची बाजू सगळे विसरतात, तू विसरू नको."

"रक्त येतंय," मी म्हणालो.

"थोडे दिवस येईल. भिऊन सोडू नको. थांबलंच नाही तर डॉक्टरीणबाईंना दाखव. रोज एकदा केलंस तरी साकु, तेवढं पुरे."

शर्टावरचा डागही त्यांनीच गार पाण्याने काढला.

दाढ वाचली. हेवा मात्र गेला नाही. उलट हा माणूस शिकवतोही आपल्याहून चांगलं, याचा नवा राग आला. आभार मानायचे राहिले. उद्या मानू, असं म्हणण्यात दोन वर्षं गेली.

या पावसाळ्यात ते साध्या तापाने तीन दिवसांत गेले. मी येलवालला पोचलो, तेव्हा नातेवाईक एकेक करून तोंडात पाणी घालत होते. त्यांच्या मुलीने तुळशीचं पान माझ्या हातात दिलं.

"काका, हे तुम्ही त्यांच्या तोंडात ठेवा. अप्पा घरी तुम्हाला तम्माच म्हणायचे."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दुकानात त्यांनी मला तसं कधी म्हटलं नव्हतं.

मी त्यांचा ओठ बोटाने जरासा सारला. सगळे दात जागच्या जागी, स्वच्छ. खरं सांगतो, तेव्हाही मला आधी हेवाच वाटला. रडू त्याच्या मागून आलं.