उलटं मनगट

"अगं, एक अक्षर तर आहे! गुपचूप बदलून टाक," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

"बदललं. चहाच्या सुट्टीतच बदललं. आवाज नका चढवू."

"मग आता हे रडगाणं कसलं?"

सासूबाई भाजी चिरता चिरता दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. दीर पलंगावर पाय पसरून हसत होता. "बाटलीच गेली ना वहिनी? मुंडकं शाबूत आहे की!"

तिला हसू आलं नाही. कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. अकरा वर्षं पॅकिंगला खोकी चिकटवल्यावर ती यंत्राच्या हातांना शिकवायला लागली होती. बटणांची जड पाटी छातीशी धरायची, पत्र्याचे डबे उचलणारा तो पोलादी हात इंचाइंचानं हव्या त्या जागी न्यायचा आणि ती जागा त्याच्या डोक्यात भरायची. शिकलेली पोरं दोन दिवसांत कंटाळून पळत. ही चिकटून राहिली.

घोळ मनगटाचा होता. त्या मनगटात तीन सांधे. एक पिळतो, एक वाकतो, शेवटचा पुन्हा पिळतो. त्यामुळे तो हात एकाच जागी दोन तऱ्हांनी पोचतो, मनगट सुलटं ठेवून नाहीतर उलटं करून. पंजा तिथेच, डबा तसाच, बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. माणसाचं मनगट तेवढं फिरतच नाही, म्हणून माणसाला हा प्रश्न पडत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक जागेसाठी एक अक्षर द्यावं लागतं, सुलटं की उलटं. बाकी सगळ्या जागा सुलट्या, पण खराब डबा टाकायच्या जागेला तिच्या हातून उलट्याचं अक्षर पडलं होतं. खराब डबा क्वचितच निघतो. तेवढी एक वाट तिनं पुऱ्या वेगानं कधी चालवून बघितलीच नव्हती.

आज खराब डबा निघाला. जाता जाता मनगट मधेच गर्रकन फिरलं, पंजा यंत्राभोवतीच्या जाळीच्या उघड्या दारातून बाहेर झेपावला आणि कठड्यावरची दिराची बाटली पार भिंतीवर जाऊन फुटली. दीर त्याच कारखान्यात डबे मोजतो, रोज तिथेच टेकून उभा असतो. आज फोन आला म्हणून चार पावलं बाजूला गेला होता, इतकंच. साहेबांनी विजेला दोष दिला. तिनं चहाच्या सुट्टीत अक्षर तेवढं सुलटं केलं.

"सांगितलंस तर पाटी काढून घेतील हातातली," नवरा म्हणाला. "तुझ्यामागे टपलेत सगळे. कुणाला काही झालंय का? नाही ना? मग!"

"दादा म्हणतो ते खरंय, वहिनी. आणि मी तर उद्यापासून पलीकडच्या शेडला. तिकडचे हात नवे कोरे आहेत, तुमच्या या म्हाताऱ्यासारखे पिसाळणार नाहीत."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पलीकडे? कधी ठरलं?"

"आत्ता फोन आला. सकाळची पाळी. का हो?"

त्या नव्या हातांना तिनं वेगळं काही शिकवलं नव्हतं. जुन्या हाताचं सगळं शिक्षण उचलून जसंच्या तसं त्या पाचांत भरलं होतं, उलट्या अक्षरासकट. आणि त्या शेडची किल्ली साहेबांच्या खिशात असते, म्हणजे तिथलं अक्षर गुपचूप बदलता येणार नव्हतं.

"तिकडे जाळीचं दार लावून काम करतात ना?" तिनं विचारलं.

"दार लावलं तर डबे मोजून पुरे व्हायचे का, वहिनी?" दीर कुशीवर वळला.

सासूबाईंची सुरी थांबली. "सूनबाई, तुझा चेहरा असा का झालाय?"

ती साहेबांना फोन लावत गॅलरीत गेली. दार ओढून घेतलं. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. मधे बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. आत आली तेव्हा कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "सहाही हात बंद करायला सांगितलेत. चूक माझी, तेही सांगितलं. उद्यापासून मी परत पॅकिंगला जाणार आहे."